'खिचडी'चे पारेख सुट्टीवर निघाले तर? आधी काय बघायचं, कुठे घसरेल आणि सभागृहात दाखवायचं कसं

उंडो_पाव, फोंडा

'खिचडी' ही पारेख कुटुंबाची जुनी हिंदी विनोदी मालिका परत यावी आणि या वेळी बाबूजींपासून चक्कीपर्यंत सगळ्यांनी बॅगा भरून सुट्टीवर निघावं, असं इथे बरेच जण बोलून दाखवतात. शक्यतो गोव्यातच यावं, हा आपला स्वार्थ. येतील तेव्हा येतील, पण वाड्यावरच्या मंडळींना उजळणी आत्तापासूनच हवी आहे.

दहा-बारा वर्षांच्या पोरांनी हंसा-प्रफुल फक्त मोबाइलवरच्या तुकड्यांत पाहिलेत. त्यांना सुरुवात कुठून करून द्यावी? सगळं बघायला वेळ नाही. दुसरं म्हणजे, सुट्टीची कथा आली की चांगल्या चांगल्या विनोदी मालिकांचा पचका का होतो? जाणकारांनी उलगडून सांगावं. आणि तिसरं, चतुर्थीच्या आधी सभागृहात पस्तीस-चाळीस जणांनी एकत्र बसून जुने भाग बघायचं चाललं आहे. वर पत्रे, बाहेर पाऊस, प्रोजेक्टर भाड्याचा. काय काय लागेल आणि काय बिघडेल, तेवढं सांगा.

सूत्रधार_सांखळी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

मूळ मालिका स्टार प्लसवर १० सप्टेंबर २००२ ला सुरू झाली. लेखन आतिश कपाडियांचं. निर्मिती जमनादास मजेठियांची, म्हणजे मालिकेतल्या आपल्या हिमांशूची. नंतर २००५ मध्ये स्टार वनवर 'इन्स्टंट खिचडी', १ ऑक्टोबर २०१० ला पहिला चित्रपट, एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा स्टार प्लसवर नवे भाग आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला दुसरा चित्रपट, 'मिशन पांथुकिस्तान'. थोडक्यात, हे कुटुंब परत येण्यात मुरलेलं आहे. आता आलं तर ते काही पहिलंच पुनरागमन नव्हे.

पोरांना २००२ चेच भाग आधी दाखवा. पहिले पाच-सहा मात्र क्रमाने. हवेली विकायची, पैसे वाटून घ्यायचे, वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये सुखाने राहायचं हा घरच्यांचा ध्यास आणि बाबूजींचा ठाम नकार, एवढी चौकट त्यात पक्की बसते. शिवाय नाती कळतात. जयश्री ही थोरल्या मुलाची विधवा, चक्की तिची मुलगी, जॅकी हंसा-प्रफुलचा. हे डोक्यात नसलं की जयश्री घरभर राबते आणि हंसा हलतही नाही यातली गंमत अर्धी होते. चौकट बसली की पुढचे भाग कसेही उलटसुलट लावा, फारसं अडत नाही. बाहेरून कोणी घरात येतो आणि वेडा होऊन बाहेर पडतो, असे भाग आधी निवडा. त्यांतच ही मालिका खरी खुलते.

एका बैठकीला तीन भाग पुरे. हंसाने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा, प्रफुलने तो फोडून भलताच सांगायचा, हा साचा दर भागात येतो. सलग सहा लावलेत तर पोरं पाचव्याला उत्तर आधीच ओरडतात आणि म्हाताऱ्यांना पुढचं ऐकू येत नाही.

नंतर २०१० चा चित्रपट. तिथे जयश्री निमिषा वखारिया आहेत, वंदना पाठक नव्हेत. आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिली दहा मिनिटं 'ही कोण?' यातच जातात. २०१८ मध्ये वंदना पाठक परत आल्या, पण जॅकी-चक्की नवे. त्या फेरीतले एक-दोन भाग चवीपुरते बघितले तरी चालेल. २०२३ चा चित्रपट शेवटी ठेवा, कारण सुट्टीच्या प्रश्नाशी त्याचाच थेट संबंध आहे. तिथे कुटुंब घराबाहेर, एका कपोलकल्पित देशात जातं. घर सुटल्यावर त्यांचं काय होतं ते त्यात दिसतं.

मोठ्यांसाठी एक पूरक माहिती. हंसाचं काम करणाऱ्या सुप्रिया पाठक आणि 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या दुसऱ्या मालिकेत मायाचं काम करणाऱ्या रत्ना पाठक शाह या सख्ख्या बहिणी. आणि 'साराभाई'त मधुसूदन फुफांचं काम करणारे अरविंद वैद्य हे वंदना पाठकांचे वडील. सभागृहात कोणी ना कोणी हे विचारतंच.

तिसरी_घंटा

सुट्टीची कथा का पडते, याचं उत्तर नाटकवाल्यांना लवकर सापडेल. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात फार्स बसवणारा दिग्दर्शक सगळ्यात आधी काय मोजतो? दारं. माणूस कुठून आत येणार, कुठे लपणार, कोण कोणाला बघणार नाही. फार्स दारांवर चालतो. घरगुती विनोदी मालिकाही तशीच. एक दिवाणखाना, एक सोफा, आतलं दार, बाहेरचं दार. प्रेक्षकाला ती जागा पाठ असते, म्हणून नुसती बेल वाजली तरी हसू फुटतं.

किनाऱ्यावर दार नाही. सात माणसं वाळूत एका ओळीत उभी राहतात आणि आळीपाळीने वाक्यं टाकतात. कोणी कोणापासून काही लपवू शकत नाही, कोणी अचानक आत येऊ शकत नाही. सुट्टीचे भाग सपाट वाटतात त्याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं तांत्रिक. सेटवर तीन-चार कॅमेरे एकदम चालतात, नट प्रसंग सलग खेळतात, एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचं तोंड कसं होतं ते त्याच क्षणी टिपलं जातं. बाहेर सहसा एका-दोन कॅमेऱ्यांवर काम चालतं आणि सात जणांचे जवळचे शॉट वेगवेगळे घ्यावे लागतात. त्यात प्रकाश पळत असतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्याआधीचा सोनेरी उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात सात जणांचा प्रसंग सगळ्या बाजूंनी होत नाही. मग आज तिघांचे शॉट, उद्या चौघांचे, आणि संकलनात जोडाजोड. प्रतिक्रियेचा क्षण एखाद्या सेकंदाने जरी उशिरा पडला तरी विनोद मेला.

वर समुद्राचा आवाज. लाटांची गाज सलग असते आणि स, श, फ, च ही अक्षरं ती गिळते. म्हणून किनाऱ्यावरचे संवाद बऱ्याचदा नंतर स्टुडिओत डब करतात. ज्या मालिकेचा अर्धा विनोद शब्द चुकीचा ऐकण्यावर उभा आहे, तिच्यासाठी हे फारच महागात पडतं.

पण 'खिचडी'पुरता याहून मोठा धोका वेगळाच आहे. त्याबद्दल फॅनमंडळी बोलत नाहीत. पारेख हे यजमान आहेत. हंसा 'खाना खाके जाना' म्हणते ते स्वतःच्या उंबऱ्यावर उभी राहून. बाहेरचा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो, हा त्यांचा सगळा मामला. सुट्टीवर नेलं की ते पाहुणे होतात आणि वैतागलेला हॉटेल मॅनेजर यजमान. मॅनेजर त्यांना बाहेर काढू शकतो, हवेलीत आलेला पाहुणा सुटू शकत नव्हता. बळीला सुटायची वाट दिसली की गंमत कमी होते.

त्यावर उपाय आहे. त्यांना हॉटेलात उतरवूच नका. कोणाच्या तरी राहत्या घरात, होमस्टेला उतरवा. मालक वरच्या मजल्यावर, हे खाली. दोन दिवसांत मालकच आपल्या घरात पाहुणा झाला पाहिजे आणि हंसाने त्यालाच जेवून जायला सांगितलं पाहिजे. आपली जुनी घरं त्याला फार सोयीची. पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, मध्ये राजांगण म्हणजे चौक, भोवती खोल्या आणि प्रत्येक खोलीला दोन दारं. फार्ससाठी याहून चांगला सेट कोणी बांधून देणार नाही. समुद्र पूर्ण भागात एकदा, तोही लांबून दिसला तरी पुरे.

अजून एक. टीव्हीवर तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात कथा बावीस-चोवीस मिनिटांची. लेखक मध्यांतरांच्या तोंडावर गाठ मारत असे. ओटीटीवर ती शिस्त उरत नाही, भाग पस्तीस-चाळीस मिनिटांवर जातो आणि तोच विनोद पातळ होतो. सुट्टीची कथा तर आणखी पसरते, कारण निर्मात्याला स्थळ दाखवायचं असतं. ड्रोनने घेतलेला किनारा दर पाच मिनिटांनी आला की समजा, लेखकाकडे प्रसंग संपले.

केप_कफ_परेड

परत यायचंच तर 'साराभाई'ने यावं. 'खिचडी'ला दोन चित्रपट मिळाले की.

सूत्रधार_सांखळी

@केप_कफ_परेड, 'साराभाई' २०१७ मध्ये हॉटस्टारवर येऊन गेली. आता मायाचा नवरा इंद्रवदनच नाही. त्याचं काम करणारे सतीश शाह २५ ऑक्टोबर २०२५ ला गेले. मायाच्या टोमण्यावर इंद्रवदनचा कुजकट शेरा नसेल तर कफ परेडच्या त्या घरात उरतं काय? दुसरा नट घेऊन ते करू नये, असं माझं मत.

पुनरागमनाचा चांगला नमुना हवा असेल तर 'वागळे की दुनिया' बघा. १९८८ चे अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर २०२१ मध्ये आजी-आजोबा होऊन आले आणि मध्यभागी सुमीत राघवनचा मुलगा आला. वय लपवलं नाही, वयाचीच कथा केली. पारेखांनीही तेच करावं. जॅकी-चक्की आता कमावते हवेत. सुट्टीचे पैसे त्यांनी भरलेत आणि मोठे लोक अजूनही हिशेब बाबूजींकडे मागताहेत, एवढं धरलं तरी पहिला भाग उभा राहतो.

तिरफळ

गोव्यात आणायचेच असतील तर इथल्या खऱ्या अडचणी वापराव्यात. त्या लिहून काढायच्या म्हटल्या तरी कथा आपोआप होते. दारूच्या बाटल्या आणि फुलाफुलांचे शर्ट हा माल आता शिळा झाला.

मोजणीपासून धरा. बाबूजी, प्रफुल, हंसा, जयश्री, हिमांशू, जॅकी, चक्की, एकूण सात. सात आसनी इनोव्हात चालक धरून सात, म्हणजे बसणार सहाच. एक जण दर फेरीला बाहेर राहतो. कोण, यावर दहा मिनिटं सहज जातील. स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेतली तर सातही बसतात, पण मग चालवणार हिमांशू. आणि कलादिग्दर्शकाने एवढं लक्षात ठेवावं की भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतलेली दाखवली तर ती बेकायदा ठरते. पोलिसाने अडवल्याचा प्रसंग हवा असेल तर मात्र तीच घ्या.

विमानाने आणू नये. कोकणकन्येने आणावं, रात्रभराचा प्रवास. थ्री टियर एसीच्या एका कप्प्यात समोरासमोर सहा आणि बाजूचे दोन असे आठ बर्थ. सात पारेख आणि आठवा अनोळखी माणूस. तिसरी_घंटा म्हणतात ती बंद खोली हीच. सुटका नाही, मडगाव सकाळी. पहिला अख्खा भाग इथेच व्हावा आणि गोवा दिसूच नये, असं वाटतं.

मोसमही नीट ठरवावा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, जीवरक्षक लाल बावटे लावतात, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकावर, सावकाश धावते. हिशेबी प्रफुलने 'ऑफ सीझनला स्वस्त' म्हणून नेमकं जुलैत बुकिंग केलं, तर आठवडाभर सगळे घरात कोंडलेले. निर्मात्यालाही परवडेल.

जेवण ही तर खाणच आहे. शाकाहारी गुजराती कुटुंब आणि बाजूला मासळीची कढी, एवढ्यावर बाहेरचे लेखक थांबतात. त्यांना आपलं शाकाहारी ताट ठाऊकच नसतं. खतखतें, मुगागाठी, तोंडाक, सोलकढी, नागपंचमी-चतुर्थीला पातोळ्यो. खतखत्यात तिरफळं घालतात ती चवीपुरती, खायची नसतात. काढून बाजूला ठेवायची. हंसाने ती चावली तर जीभ बराच वेळ बधिर. ती गप्प बसलेली आजवर कोणी पाहिली आहे? सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की उंडो, पोळी, काकणां हे पाव घ्यायला कोणी धावायचं हाही एक प्रसंग आहेच.

होमस्टेत खोली दुपारी मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी सोडायची असते. शिवाय प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. कोकणकन्या सकाळी उतरवते, खोली दोनला. मधले तीन-चार तास सात माणसं, चौदा पिशव्या आणि परक्याचं बाल्कांव.

चित्रीकरणाची परवानगी इथे एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत घेतात. पण कागद हातात असला म्हणजे वाडा राजी असतोच असं नाही. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना लोक विटलेत, घरांवर तशा पाट्याही आहेत. सात नट, चाळीस तंत्रज्ञ आणि जनरेटरची गाडी त्या गल्लीत घालण्यापेक्षा फोंडा, डिचोली, सत्तरीकडचं मोठ्या अंगणाचं घर बघावं. गाड्या लावायला जागा, जनरेटर लांब ठेवता येतो, ध्वनीही स्वच्छ मिळतो. फक्त दुपारचे मोर आणि रातकिडे सांभाळायचे.

उंडो_पाव, फोंडा

आठव्या बर्थची कल्पना भन्नाट! देव बरें करूं सगळ्यांचं. आता सभागृहाचं कोणीतरी सांगा. लांबी साधारण दहा मीटर, रुंदी सहा.

वायर_बंडल_म्हापशे

आधी नियमाचं. घरच्या वर्गणीवरचं ओटीटी खातं हे खाजगी वापरासाठी असतं. तिकीट, देणगी पावती, फलक, जाहिरात यातलं काही करू नका. जाहीर कार्यक्रम करायचा झाला तर हक्कधारकाची परवानगी लागते, मंडळाचा कार्यक्रम म्हटला की तीही घ्यावीच. घरच्या माणसांपुरतं ठेवायचं तर एखाद्याच्या घरातल्या मोठ्या चौकीवर बसा. खालची मापं तिथेही लागू पडतात.

पडदा १२० इंची पुरे. त्याची रुंदी सुमारे २.६६ मीटर, उंची दीड. साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ च्या आसपास असतो, म्हणजे पडद्यापासून ४ मीटरवर ठेवायचा. भाड्याने घेताना हा आकडा विचाराच. २ चा निघाला तर सव्वापाच मीटर मागे जावं लागेल आणि तो माणसांच्या मधोमध येईल. ३००० ते ३५०० एएनएसआय लुमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) मागा. नुसते 'लुमेन' लिहिलेले स्वस्त एलईडी डबे दिवा बंद केल्याशिवाय काही दाखवत नाहीत, आणि पोरं-म्हातारी असताना पूर्ण अंधार नको. पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर वर हवी. पहिली रांग चटईवर, मागे खुर्च्या.

हमखास बिघडतं ते जोडणीत. फोनवरून स्क्रीन मिररिंग केलं की आवाज येतो आणि चित्र काळं, कारण ॲप संरक्षित चित्र तसं पाठवू देत नाही. जुना व्हीजीए कन्व्हर्टर, स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर, त्यांचीही हीच गत. स्ट्रीमिंग स्टिक थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये घाला. आणि तिला वीज तिच्या स्वतःच्या चार्जरने द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिक मध्येच बंद-चालू होत राहते. फोनवर डाउनलोड केलेला भाग त्या फोनबाहेर चालेल हे गृहीत धरू नका. एचडीला तासाला दीड ते तीन जीबी डेटा जातो. तीन भागांना दोन फोनचे हॉटस्पॉट तयार ठेवा, वेगवेगळ्या कंपन्यांचे.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. प्रोजेक्टरमधला स्पीकर निकामी समजा. पॉवर्ड स्पीकर दोन, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. ब्लूटूथने जोडू नका. आवाज ओठांमागून येतो आणि शब्दांवरचा विनोद तिथेच संपतो. साडेतीन मिलिमीटरची ऑक्स वायर, सहा मीटर. गुणगुण ऐकू आली तर प्रोजेक्टर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, बहुतेक वेळा थांबते.

पत्र्यावर पाऊस जोरात आला की आवाज वाढवून उपयोग नाही, सगळा गोंगाट होतो. बास निम्मा करा, मधल्या पट्ट्या थोड्या वर घ्या, संवाद उठून येतात. आणखी दोन छोटे स्पीकर हॉलच्या मध्यावर ठेवले तर कमी आवाजात भागतं. सबटायटल असतील तर सुरू ठेवा. सर उतरेपर्यंत थांबवायचं की चालू ठेवायचं हे आधी एका माणसावर सोपवा, नाहीतर रिमोटसाठी पाच हात.

विजेचं बघा. दिव्याचा प्रोजेक्टर २५० ते ३०० वॉट खातो. वीज पटकन गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा जातो, भाडेवाला त्याचे पैसे लावतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस जोडा, चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात नीट बंद करता येतो. इन्व्हर्टर असेल तर पंखे त्यावरून काढा. एसी गाडीतून आणलेला प्रोजेक्टर लगेच लावला तर भिंगावर बाष्प धरतं. अर्धा तास उघडा ठेवून मग सुरू करा, फडक्याने पुसत बसू नका.

रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद, आणि आपल्याकडे शेजारी लगेच तक्रार करतात. बावीस मिनिटांचे तीन भाग म्हणजे सव्वा तास धरा, मध्ये चहाची वीस मिनिटं. साडेसातला सुरू केलं तर सव्वानऊला मोकळे.

तिसरी_घंटा

वायर_बंडल, एक भर. प्रोजेक्टरचा पंखा म्हाताऱ्यांच्या कानाशी नको. त्यांना पडद्याजवळ डाव्या-उजव्या कडेला खुर्च्या द्या, मधली मागची जागा पोरांना.

उंडो_पाव, फोंडा

थ्रो रेशो विचारला. १.९ निघाला. म्हणजे पाच मीटर?

वायर_बंडल_म्हापशे

हो, ५.०५. दहा मीटरच्या हॉलमध्ये बरोबर मध्यावर येतोय. पडदा १०० इंची करा, रुंदी २.२१, मग ४.२ मीटरवर बसेल. नाहीतर छताच्या कैचीला उलटा टांगा आणि मेनूत सीलिंग मोड लावा, पण त्या जागी पत्रा गळत नाही ना ते आधी भर पावसात बघून घ्या.